तोडून दाखवता का?

एक जपानी सुरा, एक नारळ आणि नगर-सोलापूर रस्त्यावरची एक ऐरण

आधी कबुलीजबाब. नऊ हजार रुपयांचा सुरा मी नारळावर मारला.

सुरा जपानी होता. वाढदिवसाला मीच मला दिलेलं गिफ्ट! ऑफिसमधल्या एका मित्रानं 'आयुष्यात एकदा तरी चांगला नाइफ वापरून बघ' म्हणत सहा महिने डोकं खाल्लं होतं. आणि खरंच, पहिले पंधरा दिवस मी टोमॅटोच्या प्रेमात होते. नुसता सुरा टेकवला की चकती पडायची, आरपार बघता येईल इतकी पातळ. मग एका रविवारी सोलकढीचा बेत ठरला. घरात कोयती नाही (भाड्याच्या वन बीएचकेत कोयती कोण ठेवतं?), वॉचमनकाका जागेवर नाहीत, पाहुणे तासाभरात येणार. घातले दोन घाव. नारळ हलला नाही. धारेतून मात्र तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा टण्णकन उडाला...

"नारळावर? वेडी आहेस का?" मित्र म्हणाला. आणि त्यानं मला व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. 'घेण्याआधी असा टेस्ट केलेला घ्यायचा असतो' हे सांगण्यासाठी.

तुम्ही पाहिले असतील ते व्हिडिओ. एक दणकट माणूस नवाकोरा सुरा घेतो. आधी दोर कापतो, मग ओंडक्यात ठोकतो, मग फटीत घालून पहारीसारखा पिरगाळतो, मग सिमेंटच्या ब्लॉकवर दणादण मारतो. शेवटी व्हाइसमध्ये धरून वाकवतो. काडकन आवाज येतो आणि आपण सोफ्यावर 'आई गं!' म्हणतो. 'फोर्ज्ड इन फायर' नावाचा टीव्ही शो तर २०१५ पासून याच काडकनवर चाललाय. पाहायला मजा येते, खोटं कशाला बोला. पण चार-पाच व्हिडिओ झाल्यावर मला एक प्रश्न छळायला लागला. यात जो टिकला तो सुरा चांगला, हे मान्य. पण चांगला कशासाठी?

कारण सिमेंट फोडूनही शाबूत राहणारे सुरे मी नीट पाहिले. पाठीकडून पाच-सहा मिलिमीटर जाड! त्यानं टोमॅटो कापला जात नाही, चेंगरतो. माझ्या सुऱ्याची पाठ जेमतेम दोन मिलिमीटर, धार दोन्ही बाजूंनी अगदी निमुळती आणि पोलाद कडक. कडक म्हणून धार टिकते, कडक म्हणूनच आघात सोसत नाही. लोखंडाच्या कामात हा सौदा कुणालाच चुकलेला नाही. कडकपणा वाढवला की ठिसूळपणा वाढतो, चिवटपणा वाढवला की धार लवकर मुरडते. म्हणजे सिमेंटवर मारून माझ्या सुऱ्याला नापास करणं हे गवयाला कुस्तीच्या आखाड्यात उतरवण्यासारखं झालं.

मित्र अर्थातच पटवून घ्यायला तयार नव्हता. त्यानं हुकमाचा पत्ता काढला, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी. १९७६ साली स्थापन झालेली सुरे घडवणाऱ्यांची ही संघटना 'जर्नीमन' हा दर्जा देण्याआधी एक परीक्षा घेते. उमेदवारानं स्वतः घडवलेल्या एकाच सुऱ्यानं लोंबकळणारा इंचभर जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा. मग दोन बाय चारची लाकडी फळी दोनदा तोडायची. मग मध्ये धार न लावता त्याच पात्यानं हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि सगळ्यात शेवटी तो व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचा. दोन तुकडे झाले की उमेदवार नापास. पास झाला तरी सुरा वायाच!

क्रम बघा किती हुशारीचा आहे. लाकूड तोडल्यावर केस कापायला लावलं की धार मुरडली का, उडाली का, ते लगेच कळतं. आणि वाकवल्यावर कळतं, की धार कडक ठेवूनही पाठ मऊ राखणं त्याला जमलंय का. ही मला पटलेली पहिली तोडफोड! पण त्यातही एक गंमत आहे. तो सुरा कुणी विकत घेणार नसतं. तपासला जातो तो सुरा नाही, तपासला जातो लोहार. आणि सगळ्यांना पेपर आधीच माहीत असल्यामुळे परीक्षेपुरता खास मऊ पाठीचा सुरा करता येतो, दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचासारखा.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगत होते. माझं आजोळ मिरजगावचं. मामा सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "दसऱ्यानंतर ये. तोडणीवाले कोयते घेतात तेव्हा. तोडून बघतात की ते पण."

झालं. बॉसकडे शुक्रवारची रजा टाकली, सुरा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि निघाले.

पुणे-नगर रस्ता तुम्हाला नव्यानं काय सांगायचा? वाघोलीचा जॅम, रांजणगावचा गणपती, शिरूरचा चहा. नगर शहराचं आणि जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. नगर हे तोडफोडीचं गाव आहे, असं म्हटलं तर नगरकर रागावतील. पण लष्कराचं चिलखती दलाचं केंद्र इथलं. इथल्याच के. के. रेंजवर तोफा आणि रणगाडे डागून तपासतात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये अर्जुन रणगाड्यावरून लेझरनं दिशा मिळणारं क्षेपणास्त्र डागण्याची चाचणीही इथेच झाली. संरक्षण खात्याची वाहनं तपासणारी व्हीआरडीई पण नगरचीच. शहरात १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. वेळ असेल तर थांबा, आवर्जून बघण्यासारखं आहे.

रणगाड्यांवरून मला आपल्या गाड्या आठवल्या. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतात धडाधड खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं आपटून दाखवल्या होत्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. तोवर आपण सगळे ॲव्हरेज आणि म्युझिक सिस्टिम बघून गाडी घेत होतो! त्या पाच गाड्यांचा चुराडा झाला म्हणून कितीतरी लोकांनी एअरबॅग आहे का हे विचारायला सुरुवात केली. पुढे २०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झालं. आपटून बघण्याचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. पण तिथे दोन गोष्टी जमून येतात. एक, टक्कर खऱ्या अपघातासारखी घडवलेली असते. दुसरं, आपटलेली गाडी आणि तुमच्या पार्किंगमधली गाडी एकाच साच्यातून आलेली असते. एक मोडली की उरलेल्यांचं कळतं.

हातानं घडवलेल्या कोयत्याचं काय? तो प्रत्येक वेगळा.

नगर सोडलं की सोलापूर रस्त्यावर रुईछत्तिशी लागतं, आणि मग दोन्ही बाजूंनी रान मोकळं होत जातं. मिरजगाव नगरपासून साधारण पन्नास किलोमीटर, कर्जत तालुक्यात. टुरिस्ट म्हणून इथे कुणी येत नाही. हायवेवरचं मोठं गाव. टपऱ्या, खतांची दुकानं, मोबाईलची दुकानं, लग्नाचे फ्लेक्स. एरवी अवर्षणाचा हा पट्टा, ज्वारीचा, तुरीचा, कांद्याचा. जवळच निमगाव गांगर्ड्याला सीना नदीवरचं धरण. पाणी जिथे पोचलं तिथे ऊस. पावसानंतरचे एवढे दोन महिने मात्र सगळं हिरवंगार असतं आणि संध्याकाळी असा वारा सुटतो की पुण्यातला एसी झक मारतो.

मामानं आल्या आल्या गोठ्याच्या आढ्याला खोचलेला एक कोयता काढून हातात दिला. आजोबांचा. मला तो आधी कोयता वाटलाच नाही. पातं चार बोटं रुंद असायला हवं, हे जेमतेम दीड बोट उरलेलं. वर्षानुवर्षं कानशीनं आणि दगडानं घासून झिजत झिजत चंद्रकोर झालेली. मूठ दोनदा बदललेली. "हा कधी तुटला नाही," मामा म्हणाला. "संपला." कुठल्याही व्हिडिओत ही टेस्ट नाही, कारण तिला पंचवीस वर्षं लागतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कॅट्रा या संस्थेनं बनवलेलं एक यंत्र आहे, ते धार किती काळ टिकते एवढंच मोजतं. वाळूचे बारीक कण मिसळलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर सुरा मागे-पुढे फिरवत राहायचा आणि एकूण किती मिलिमीटर कागद कापला गेला ते बघायचं. कंटाळवाणं काम. कुणी सोफ्यावरून 'आई गं' म्हणणार नाही. पण आजोबांच्या कोयत्याच्या सगळ्यात जवळ जाणारी टेस्ट हीच.

बाजारच्या दिवशी सकाळी मामानं मला ऐरणीपाशी नेऊन सोडलं आणि तो बैलाची वेसण घ्यायला गेला.

रस्त्याच्या कडेला ताडपत्री, जमिनीत रोवलेली ऐरण, कोळशाची भट्टी. भात्याच्या जागी हातानं फिरवायचा छोटा पंखा, तो फिरवायला दहा-बारा वर्षांची नात. घिसाडी कुटुंब. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून शेतीची अवजारं घडवणारे हे लोक. म्हातारा सांडशीत लाल लोखंड धरतो आणि घण घालते त्याची बायको! उभी राहून, डोक्यावरून, तालात. माझ्या जिममधल्या ट्रेनरनं येऊन बघावं असं. एका हातोडीनं म्हातारा जागा दाखवतो, ती तिथेच घण उतरवते. बोलणं नाही, काही नाही.

लोखंड ट्रकच्या कमानीच्या पाट्यांचं, भंगारातून आणलेलं. इथे मला हसूच आलं. अमेरिकेतले हौशी लोहार ज्या '५१६०' नावाच्या पोलादावर जीव टाकतात ते मुळात गाड्यांच्या स्प्रिंगचंच पोलाद. म्हणजे जर्नीमनच्या परीक्षेतला सुरा आणि मिरजगावातला कोयता, दोघांचं गोत्र जवळपास एकच!

तिथे बारा-चौदा माणसं उकिडवी बसली होती. ऊसतोडणीची टोळी. दिवाळीच्या आगेमागे ही माणसं कारखान्यांच्या दिशेनं निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

"किती कोयते घेणार?" मी शेजारच्या बाईला विचारलं.

"आमचं सात कोयतं हायेत," ती म्हणाली.

मी समोरचा ढीग मोजला. पंधरा होते.

ती हसली. "अवो ताई, कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता."

मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशेब होतो तो कोयत्यावर. माणसाचं नाव अवजाराला द्यावं हे समजू शकतं, इथे अवजाराचं नाव माणसांना दिलंय. सात कोयते म्हणजे चौदा माणसं, चौदा माणसांना चौदा कोयते. मग पंधरावा?

"त्यो तोडायचा."

मी ताठ बसले. हेच तर बघायला आले होते!

ती उठली. वय तीस-बत्तीस, डाव्या घोट्यावर जुना व्रण. पंधराच्या पंधरा कोयते तिनं पोत्यावर ओतले, हातानं उलटेपालटे केले आणि मधलाच एक उचलला. म्हाताऱ्यानं पुढे केलेला एक तिनं बाजूला सारला होता, हे मी पाहिलं. नमुना कुणी निवडायचा, याचं आमच्या ऑफिसात अख्खं प्रेझेंटेशन असतं.

कोयत्याचं टोक जमिनीत रोवलेल्या लोखंडी फटीत अडकवलं. म्हातारीनं घण घेतला. पहिल्या घावाला पातं वाकलं. दुसऱ्याला आणखी वाकलं. तिसऱ्याला धारेकडून 'टक' असा बारीक आवाज आला, आणि पाचव्याला ते फाटल्यासारखं तुटलं. सगळी टोळी पुढे वाकली. तुटलेली कड हातोहात फिरली, माझ्याकडेही आली. धारेकडचा भाग बारीक राखाडी, मऊ राखेसारखा दिसणारा. पाठीकडचा ओढून फाटलेला, तंतूतंतू.

"साखरंवानी चमकला तर समजायचं लोखंड जळालं," ती मला म्हणाली. भट्टीत जास्त तापलं की पोलादाचा कण मोठा होतो, तुटलेली कड चमचमते आणि असं पातं ठिसूळ निघतं. कॉलेजात मेटलर्जीवाल्या मुलांना हे मायक्रोस्कोपखाली दाखवतात. ही उन्हात धरून बघत होती.

कोयता पास झाला. मला वाटलं, आता पैसे देणार आणि जाणार. तुटलेल्याचे पैसे कुणी द्यायचे यावर घासाघीस झाली, शेवटी निम्मे-निम्मे ठरले. पण ती जागची हलली नाही. तिनं पदराच्या गाठीतून एक फडकं काढलं, सोडलं आणि आतला तुकडा ऐरणीवर ठेवला. बोटभर लांबीचा, कोयत्याच्या पात्याचा.

"बाबा, ह्यो तुमचाच. गेल्या सालचा."

गेल्या साली पण पंधरा केले होते, एक तोडला होता, पास झाला होता. संक्रांतीच्या सुमारास फडात ऊस बुडातून तोडताना तिचा कोयता मोडला. हा तुकडा उडून घोट्यावर बसला. नऊ दिवस ती उभी राहू शकली नाही. कामावर नसलं की खाडा लागतो, तिचा लागला आणि जोडी फुटल्यामुळे नवऱ्याचं कामही निम्म्यावर आलं. उचल फिटली नाही. यंदाच्या हंगामावर गेल्या हंगामाचं देणं घेऊन ती चालली होती.

म्हाताऱ्यानं तुकडा उचलला. चष्मा पुसला. कडेवरून अंगठा फिरवला. तुटलेल्या कडेचा निम्मा भाग राखाडी होता, निम्मा काळा. बराच वेळ कुणी बोललं नाही. नात पंखा फिरवायची थांबली होती.

"पाण्यातच तडाकला व्हता ह्यो," तो म्हणाला. "काळं हाय ते जुनं. दिसलं न्हाय मला."

म्हणजे काय, ते मला नंतर नीट कळलं. लाल पातं पाण्यात बुडवून कडक करतात त्याला 'पाणी देणं' म्हणतात. पाणी फार गार असलं, पातं एका बाजूनं पातळ असलं, तर त्या क्षणीच केसासारखी चीर जाऊ शकते. नंतर पुन्हा तापवताना चिरेच्या आत हवा शिरते आणि ती जागा काळी पडते. वरून घासून चकाचक केलं की काही दिसत नाही. कोयता फडात मोडला तेव्हा नवीन तुटली ती फक्त राखाडी बाजू.

आणि तोडून पाहिलेल्या पंधराव्या कोयत्यानं हे सांगितलं नव्हतं, सांगू शकतच नव्हता. लोखंड बरं आहे, भट्टी बरी लागलीय, लोहाराला काम येतं, एवढं त्यानं खरं सांगितलं. पण पाण्यात प्रत्येक कोयता एकेकटा जातो.

म्हाताऱ्यानं सफाई दिली नाही. त्यानं बाजूचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. आत पाणी नव्हतं, गाडीचं जळकं ऑइल होतं. "यंदा आणिक दोघांचं असं आलं. तवापासनं ह्यात बुडवतो." स्प्रिंगच्या पोलादाला तेलच मानवतं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. तेलात ते जरा सावकाश निवतं आणि चिरायचा धोका कमी होतो. या ऐरणीपाशी ते ज्ञान लोकांचे मोडलेले कोयते परत आल्यामुळे पोचलं. (गंमत म्हणजे तेलात बुडवला तरी म्हणतात 'पाणी दिलं'च.)

मग ती उरलेले चौदा तपासायला बसली. माठ घेताना आपल्या आया टिचकी मारून बघतात ना, तसंच! मूठ न बसवलेलं पातं दोन बोटांत लोंबतं धरायचं आणि बारक्या खड्यानं टिचकी द्यायची. टिन्नऽऽ असा आवाज लांबला की बाजूला. पुढचं. पुन्हा टिन्नऽऽ. अकराव्याला ती थांबली. पुन्हा वाजवलं. कानाशी नेलं. मला तर तसाच आवाज वाटला. म्हाताऱ्यानं वाजवलं, तो म्हणाला, "चांगला हाय." तिचा नवरा म्हणाला, "चांगला हाय की." तिनं मान हलवली. "बद्द वाजतोय."

आता काय? मी, शहाणी, मध्ये बोलले. म्हटलं, "बाबा, तोडून दाखवता का? लगेच कळेल कोण बरोबर."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. "ताई, तोडला तर कळंलच. पर चांगला निघाला तर कुणाच्या कामाचा?"

तिनं तो घेतला नाही. म्हाताऱ्यानं दुपारपर्यंत दुसरा करून द्यायचं कबूल केलं, भट्टीत नवीन पाटा सारला, आणि म्हातारीनं घण उचलला.

त्याच दिवशी मी टॉवेल उघडून माझा जपानी सुरा त्याला दाखवला. त्यानं तो फिरवून फिरवून बघितला, नखावर धार टेकवली, पाठीवरून बोट नेलं. खूश झाला! "काम लई साफ," म्हणाला. मग उडालेल्या जागेवर अंगठा ठेवून विचारलं, "ज्यानं केला त्याला दावला का?" आता याला काय उत्तर देणार? वॉरंटी कार्डावर 'कठीण वस्तूंवर वापरल्यास जबाबदारी नाही' असं सात भाषांत लिहिलेलं होतं. ज्यानं केला तो कुठे असतो, मला माहीत नाही. माझा तुकडा त्याच्यापर्यंत कधी पोचणार नाही आणि त्याला कळणारही नाही, की पुण्यात लोक याच्यानं नारळ फोडायला बघतात.

म्हाताऱ्यानं सुऱ्याला हात लावायला नकार दिला. भट्टीत घातला तर त्याचं पाणी उतरेल, म्हणाला. नुसता दगडावर हळूहळू घासून खाच काढ, महिना लागला तरी चालेल. ते मी आता रविवारी करते. अर्धी खाच गेलीय.

दुसऱ्या दिवशी मामाच्या बाइकवरून जामखेडमार्गे खर्ड्याला गेलो. निंबाळकरांचा भुईकोट किल्ला अजून दिमाखात उभा आहे. याच खर्ड्याजवळ ११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी निजामाला हरवलं. मराठा सरदार एकत्र येऊन लढलेली ही शेवटची मोठी लढाई मानतात. योगायोग बघा, त्याच १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉर्ज पिअर्सन नावाच्या डॉक्टरनं हिंदुस्थानी पोलादावर निबंध वाचला. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी 'वुट्झ' पोलादाच्या वड्या तिकडे पाठवल्या होत्या. साहेबांनी त्या फोडल्या, तापवल्या, आम्लात विरघळवल्या. इकडे त्या जातीच्या तलवारी चालत होत्या आणि तिकडे तिचा कच्चा माल काचेच्या भांड्यात संपत होता!

पुढे हेन्री मोझर या स्विस संग्राहकानं तर आपल्या संग्रहातल्या अस्सल दमास्कस तलवारी कापून तपासायला दिल्या. त्या तपासणीचे निष्कर्ष चोके नावाच्या प्राध्यापकांनी १९२४ साली छापले. कलेचं काही वाटणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा यावा अशी गोष्ट. पण २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना कार्बनच्या नॅनोट्यूब सापडल्या त्या त्यातल्याच एका तलवारीच्या तुकड्यात. कापली नसती तर संग्रहालयात काचेआड नुसती सुंदर दिसत राहिली असती. मला विचाराल तर मोझरनं बरोबर केलं. फक्त, ती तलवार हातात घेऊन कुणी लढायला निघालेलं नव्हतं, म्हणून ते सोपं होतं.

परत निघायच्या आधी मी ऐरणीपाशी पुन्हा गेले. टोळी निघून गेली होती. अकरावा कोयता पोत्याखाली तसाच पडलेला. मी तो मागितला. म्हातारा द्यायला तयार नव्हता. ज्याच्यावर शंका आली तो विकायचा नाही म्हणाला. मी नारळापुरताच वापरेन असं तीनदा सांगितल्यावर त्यानं बाभळीची मूठ बसवून दिला आणि साडेतीनशेतले पन्नास परत केले.

तो आता माझ्या वन बीएचकेत सिंकखाली असतो. आजवर सतरा नारळ फोडलेत. दर वेळी आधी टिचकी मारून ऐकते, आणि पाय लांब ठेवते. आवाज कधी टिन्न वाटतो, कधी बद्द.

जायचं असेल तर: पुण्याहून नगरमार्गे साधारण पावणेदोनशे किलोमीटर, नगरहून करमाळा-सोलापूरकडे जाणाऱ्या एसट्या मिरजगावला थांबतात. कोयते बघायचे तर दसरा ते दिवाळी, हुरडा खायचा तर डिसेंबर-जानेवारी. जोडून कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आणि भीमेकाठचा सिद्धटेकचा गणपती करता येतो. गावात हॉटेलांची फार अपेक्षा ठेवू नका, मुक्काम नगरला करा. आणि ऐरणीवर गेलात तर फोटो विचारून काढा, काहीतरी विकत घ्या. घरातली जुनी विळी असेल तर पाजवायला न्या.